लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला बाहेर न्यावं का? आणि नेऊन नक्की करायचं काय?

ओली_माती
मंडळी, सल्ला हवाय. घरी नऊ आठवड्यांचं पिल्लू आलंय. नाव भुंगा. जात विचारू नका, त्यालाही माहीत नाही. पहिली लस झालीये.

डॉक्टर म्हणाले, शेवटचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत याचे पाय बाहेरच्या जमिनीला लागू देऊ नका. म्हणजे चार महिने उलटेपर्यंत भुंगा घरकोंबडा. माझ्या एका मैत्रिणीकडे कायम कुत्री असतात. ती म्हणते, हेच आठवडे सगळ्यात महत्त्वाचे, आत्ता जग दाखवलं नाहीस तर जन्मभर भित्रा राहील. दोघंही ठामपणे बोलतात आणि मी मधल्या मध्ये.

दुसरं असं की 'सोशलायझेशन कर' असं जो तो सांगतो, पण म्हणजे रोज उठून करायचं काय ते कुणी सांगत नाही. घरात मिक्सर लागला की हा सोफ्याखाली. पाहुणे आले की पायात घोटाळतो आणि घोट्याला चावतो. मुलगी सात वर्षांची आहे, ती सोफ्यावरून खाली उतरायला तयार नाही. थोडक्यात, एक सोफ्याखाली आणि एक सोफ्यावर.

टवाळटप्पू
पहिला नंबर माझा! फोटो कुठाय? पिल्लाच्या धाग्यावर फोटो नसेल तर सल्ला मिळत नाही.

खडूसकाका
आमच्या लहानपणी कुत्रं अंगणात वाढायचं. कसलं सोशलायझेशन नि कसलं काय. आपोआप शहाणं व्हायचं. आता कुत्र्यांनाही बालवाडी लागली. पिल्लाला पिल्लासारखं राहू द्या, डोक्यावर बसवू नका, इतकंच.

निशाचर
वाचतेय. आमच्याकडेही पुढच्या महिन्यात येणार आहे.

सुईदोरा
ओली_माती, व्यवसायाने पशुवैद्य आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे डॉक्टर घाबरतात ते पार्व्होला. घाबरायलाच हवं. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो, सावली-ओलावा मिळाला तर वर्षभरही. साध्या साबणाने, फिनेलने तो मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की वेळ फार कमी असतो.

आता डोस तीन-तीन, चार-चार का देतात? बऱ्याच जणांना वाटतं की पहिल्या डोसाने थोडी ताकद येते, दुसऱ्याने आणखी थोडी. तसं नाही. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून अँटिबॉडीज मिळतात आणि त्या अंगात असेपर्यंत लसच निकामी करतात. त्या कधी ओसरतील याचा नेम नाही. एखाद्या पिल्लाच्या सहाव्या आठवड्यात संपतात, एखाद्याच्या सोळाव्यात. दर पिल्लाची तपासणी करत बसण्यापेक्षा आम्ही दोन ते चार आठवड्यांनी डोस देत राहतो आणि शेवटचा सोळा आठवड्यांनंतर पडेल असं बघतो. म्हणून तोवर खात्री नसते.

पण तुमची मैत्रीणही चुकीचं बोलत नाहीये. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच भूमिका मांडली होती की पहिली लस आणि जंतांचं औषध होऊन किमान ७ दिवस झाले असतील, तर सात-आठ आठवड्यांपासून पिल्लांना स्वच्छ जागेतल्या वर्गात न्यायला हरकत नाही. कारण तरुण कुत्री जिवाला मुकतात त्यात वागणुकीच्या तक्रारींचा वाटा फार मोठा आहे. चावतं, भुंकतं, आवरत नाही म्हणून लोक सोडून देतात आणि पुढे त्यांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या भागात सध्या पार्व्होच्या केसेस किती आहेत हे तुमच्याच डॉक्टरांना माहीत असणार. त्यांना सरळ विचारा, "जमिनीवर न ठेवता, कडेवर घेऊन नेलं तर चालेल का?" बहुतेक हो म्हणतील.

दुपारचा_चहा
सुईदोरा, अँटिबॉडीजचं हे आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोरा_कागद
पिल्लू नवं सहज स्वीकारतं त्या मोजक्या आठवड्यांच्या 'खिडकी'बद्दल थोडी भर. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बरीच वर्षं पाच जातींची पिल्लं वाढवून निरीक्षणं केली. त्यातून साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पुढे आला. या वयात पिल्लू नवं काही दिसलं की आधी जवळ जातं, घाबरतं नंतर. पुढे हे उलटं होत जातं.

याच परंपरेतला डॅनियल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा १९६१ चा प्रयोग तर वाचून वाईट वाटतं. पिल्लं कुंपण घातलेल्या शेतात माणसांपासून लांब वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात फक्त आठवडाभर माणसांत आणलं. एका गटाला चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस दाखवलाच नाही. तो गट पुढे प्रयत्न करूनही माणसाळला नाही.

म्हणजे लस पूर्ण होते सोळाव्या आठवड्यानंतर आणि खिडकी मिटत येते बाराव्या-चौदाव्याला. धागाकर्तीची कोंडी खरी आहे.

खडूसकाका
प्रयोग राहू द्या हो. आमचा मोती कुठल्या प्रयोगशाळेत गेला होता? एक नंबरचा गुणी कुत्रा.

दुपारचा_चहा
काका, रागावू नका, पण तुमचा मोती दिवसभर हेच शिकत होता! अंगणात वाढणारं पिल्लू म्हणजे सकाळपासून माणसांची ये-जा, पोरांचा दंगा, सायकली, गुरं, भांडी पडल्याचे आवाज, पाऊस, काठी टेकत येणारे म्हातारे. आणि कुणी त्याला उचलून कुणाच्या मांडीवर ठेवत नव्हतं. भीती वाटली तर खुशाल पायरीमागे जाऊन बघत बसायचं. फ्लॅटमधल्या पिल्लाला यातलं काहीच फुकट मिळत नाही, म्हणून मुद्दाम करावं लागतं.

आणि सगळेच मोती नव्हते. साखळीला बांधलेली, दारात कुणी आलं की तुटून पडणारी कुत्रीही त्याच काळातली. 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी काही आत्ता निघाली नाही.

खडूसकाका
हम्म. मुद्दा आहे. पण बालवाडीवर मी ठाम.

टवाळटप्पू
काकांनी मुद्दा मान्य केला!!! धागा इथेच बंद करून फ्रेम करा.

शेपूट
ओली_माती, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, 'रोज उठून करायचं काय'. माझ्याकडे अनाथ पिल्लं काही आठवडे राहायला येतात आणि मग कायमच्या घरी जातात, त्यामुळे हे सतत चालू असतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सोशलायझेशन म्हणजे भेटीगाठी नव्हेत. शंभर लोकांनी डोक्यावरून हात फिरवला म्हणजे पिल्लू समाजशील झालं असं नसतं. झालं तर उलट दोन गोष्टी होतात: एकतर ते माणसांना वैतागतं, नाहीतर माणूस दिसला की पट्टा ओढत अंगावर धावतं. आपल्याला हवं असतं ते असं की समोरून रेनकोट घातलेला माणूस गेला, पिल्लाने बघितलं, आणि 'असेल कुणीतरी' म्हणून परत आपल्याकडे बघितलं. बस.

त्यासाठी जमिनीवर पाय टेकायची गरजच नाही. कडेवर किंवा झोळीत घ्या आणि रस्त्याच्या कडेला, शाळा सुटायच्या वेळी फाटकापासून बरंच लांब, एखाद्या स्टेशनाबाहेर, बांधकामापासून अंतरावर नुसतं उभं राहा. पाच-दहा मिनिटं पुरे. काही नवं दिसलं की एक बारीक खाऊ. क्रम महत्त्वाचा: आधी ट्रक दिसू दे, मग खाऊ. खाऊ आधी दाखवलात तर पिशवीचा आवाज म्हणजे ट्रक येणार, हे शिकेल.

घरात निरनिराळे पृष्ठभाग द्या: पुठ्ठा, ओली फरशी, चुरचुरणारा प्लास्टिकचा कागद, हलणारी फळी. घरच्यांनीच टोपी, गॉगल, हेल्मेट घालून फिरावं, छत्री उघडावी (लांबून!). रोज पंजे, कान, ओठ, शेपटी अशी थोडी-थोडी हाताळणी आणि लगेच खाऊ, म्हणजे पुढे नखं कापताना आणि सुईदोराताईंच्या टेबलावर तमाशा होत नाही. ओळखीतली, लसी झालेली, शांत स्वभावाची मोठी कुत्री असतील तर त्यांच्या घरी न्या. नीट वागायचं कसं हे मोठं शांत कुत्रं जेवढं शिकवतं तेवढं आपण नाही शिकवू शकत.

आता खरी मेख. अंतर पिल्लू ठरवणार, आपण नाही. जांभया, सारखं ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेने पांढरं दिसेपर्यंत बघणं, एक पंजा वर, शेपटी आत, आणि नेहमीचा आवडता खाऊही न घेणं. यातलं काही दिसलं की चार पावलं मागे. खाल्लं नाही म्हणजे भूक नाही असं नव्हे, त्याला झेपत नाहीये.

मनमौजी
शेपूट, मी असहमत. एवढं जपून काय होणार? मी माझ्या लॅब्रॅडॉरला पहिल्याच आठवड्यात गर्दीत नेलं, दहा-बारा कुत्र्यांच्या घोळक्यात सोडलं. आधी कुईकुई केलं, मग गप्प झाला. आज कशालाच घाबरत नाही. पाण्यात टाकल्याशिवाय पोहता येत नाही.

शेपूट
तुमच्या लॅबचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण 'मग गप्प झाला' हे वाक्य मला खटकतं. शिकलं म्हणूनही पिल्लू गप्प होतं आणि सुटका नाही हे कळलं म्हणूनही. वरून दोन्ही सारखीच दिसतात. मजबूत स्वभावाचं पिल्लू यातून निभावून जातं, नाजूक असेल तर तोच प्रसंग मनात घर करून बसतो. आठ-दहा आठवड्यांच्या आसपास पिल्लं जास्त हळवी असतात असं बरेच जाणकार मानतात. पिल्लू कुठल्या प्रकारचं आहे हे आधी कळत नाही, म्हणून पैज कशाला लावा?

मनमौजी
ठीक. माझा अनुभव सांगितला, बाकी ज्याची त्याची मर्जी.

रानमेवा
घोट्याला चावण्यावर अजून कुणी बोललं नाही. उपाय सोपा आहे: मानगूट धरून उताणं पाडा आणि शांत होईपर्यंत दाबून ठेवा. घरात म्होरक्या कोण ते एकदा कळलं पाहिजे. लांडग्यांच्या कळपात असंच असतं.

कोरा_कागद
रानमेवा, कृपा करून कुणी हे करू नका.

'म्होरक्या लांडगा' या कल्पनेचा उगम १९४७ च्या सुमाराचा. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणं केली. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका कुंपणात डांबले तर मारामाऱ्या होणारच. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी नेली. पण त्यांनीच पुढे जंगलातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे म्होरकेपणासाठी कुस्त्या चालत नाहीत.

आणि भुंगा नऊ आठवड्यांचा आहे. त्याला सत्ता नकोय, हलणारा घोटा हवाय.

टवाळटप्पू
"त्याला सत्ता नकोय, हलणारा घोटा हवाय" हे मी स्वाक्षरीत टाकतोय.

रानमेवा
आमच्या ट्रेनरने तर हेच सांगितलं होतं. असो, वाचून बघतो.

सुईदोरा
चावण्याबद्दल. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. तोवर तोंड शिवशिवणारच. घोटा हलला की शिकार सुटल्यासारखं वाटतं, म्हणून जागीच थांबा, ओरडू नका, पाय झटकू नका. हाताशी चघळायचं खेळणं ठेवा आणि ते पुढे करा. नाही ऐकलं तर उठून दारापलीकडे जा, अर्ध्या मिनिटाने परत या. चावलं की खेळ थांबतो, हे त्याला थोड्या दिवसांत उमगतं. इयान डनबार हे पशुवैद्य १९८० च्या दशकापासून पिल्लांच्या मोकळ्या खेळाच्या वर्गांचा आग्रह धरत आले ते याचसाठी: दात किती जोरात लावायचे हे दुसऱ्या पिल्लांसोबत खेळताना सगळ्यात चांगलं कळतं.

आणि झोप बघा. या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी पिसाळल्यासारखं धावत चावत सुटलेलं पिल्लू बहुतेकदा दमलेलं असतं. त्याला आणखी खेळवू नका, झोपवा.

मुलीसाठी एक गंभीर सूचना: दात लागून रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणजे भुंगाची अजून झालेली नाही. 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून सोडून देऊ नका.

ओली_माती
बाप रे, हे शेवटचं माहीत नव्हतं. दोनदा ओरखडे उठलेत. आजच दाखवते तिला.

निशाचर
अवांतर: शी-शूचं काय? मला तीच जास्त धास्ती आहे.

दुपारचा_चहा
उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की, आणि झोपायच्या आधी. प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी. झाल्या झाल्या, तिथेच खाऊ, घरात येऊन नव्हे. दिवसा किती वेळ धरू शकेल याचा ढोबळ अंदाज: वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास, आणि तेही जास्तीत जास्त. चुकीच्या जागी केलंच तर त्यात नाक घासणं वगैरे प्रकार करू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसादेखत करायचं नाही, मग पलंगामागे जाऊन करतं. पुसायला एन्झाइमवालं क्लीनर घ्या. अमोनियाच्या वासाचं नको, त्याला तो स्वतःच्या शूसारखाच वाटतो.

खडूसकाका
हे मात्र बरोबर. मोतीलाही असंच शिकवलं होतं. खाऊ सोडून.

अनामिका७
धागा वाचून पोटात गोळा आला. आम्ही निवाऱ्यातून पाच महिन्यांची कुत्री आणली. बाहेरचं जग तिने पाहिलेलंच नाही. पुरुष दिसले की थरथरते. खिडकी तर कधीच बंद झाली. आता काहीच होणार नाही का?

शेपूट
होणार. 'खिडकी' हा बोलण्यापुरता शब्द आहे, कुलूप लागत नाही. फरक असा की लहान पिल्लू नवी गोष्ट सहज स्वीकारतं, तुमच्या मुलीला एकेक गोष्ट शिकवावी लागेल. पद्धत तीच, फक्त अंतर जास्त, वेग कमी. पुरुष इतका लांब असू दे की तिला दिसेल पण ती खाऊ घेईल. तो दिसला की खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. घरातल्या पुरुषांनी तिच्याकडे बघू नये, वाकून हात पुढे करू नये, अंग एका बाजूला वळवून बसावं आणि जाता-येता खाऊ टाकत राहावं. जवळ यायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. सहा महिन्यांपासून पुढे वयात येताना बऱ्याच कुत्र्यांची भीती पुन्हा उफाळते, तेव्हा सगळं मातीमोल झालं असं वाटेल. चालू ठेवा. थरथरणं इतकं असेल तर वागणूक जाणणाऱ्या पशुवैद्यालाही दाखवा, काही वेळा औषधांची जोड लागते. कदाचित ती सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारी कुत्री होणार नाही. तशी व्हायलाच हवी असं कुठे आहे?

अनामिका७
मनापासून आभार. 'तुमच्या मुलीला' वाचून डोळ्यांत पाणी आलं.

ओली_माती
अपडेट. लेकीला डॉक्टरांना दाखवलं, तिच्या लसी सुरू झाल्या. भुंगाच्या डॉक्टरांना सुईदोराताईंच्या शब्दांत विचारलं. म्हणाले, कडेवर चालेल, कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा आणि दवाखान्याची फरशी टाळा. (म्हणजे हे आधीच विचारता आलं असतं!)

काल संध्याकाळी कोपऱ्यावर उभे होतो. दुचाकी, पाठीवर मोठं ओझं घेतलेला माणूस, हसणाऱ्या मुली, सगळं बघितलं. बस आली तेव्हा माझ्या काखेत तोंड खुपसलं, मी लांब गेले, मग पुढच्या बसकडे बघून खाऊ घेतला. पाहुण्यांना सांगितलंय की आल्यावर त्याच्याकडे बघायचंच नाही. एक काकू रुसल्या आहेत, त्यांचं सोशलायझेशन कोण करणार ते सांगा.

मिक्सरचं मात्र अजून तसंच आहे.

शेपूट
मिक्सर बंद असताना शेजारी त्याचं जेवण ठेवायला लागा. मग मिक्सरचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक, त्याचा कान जेमतेम हलेल इतका, जेवताना लावा. तो खात राहिला तर दोन-तीन दिवसांनी एक घर वाढवा. खरा मिक्सर लावाल तेव्हा तो लांबच्या खोलीत, दार लोटलेलं, कुणीतरी सोबत. सोफ्याखालून ओढून काढू नका कधी, ती त्याची जागा आहे. फटाके, ढगांचा गडगडाट हेही याच पद्धतीने आत्ताच करून टाका.

कोरा_कागद
काकूंसाठीही हीच पद्धत. लांबून सुरुवात, आवाज बारीक, खाऊ भरपूर.

निशाचर
आणखी एक अवांतर: गाडीत उलटी करतं त्यावर काही? आमचं ज्यांच्याकडून येणार आहे ते म्हणतात, आईसोबत नेलं तरी करतं.

सुईदोरा
लहान पिल्लांत हे फार दिसतं, बरीचशी वाढत्या वयात थांबतात. न्यायच्या आधी दोन-तीन तास खायला देऊ नका, पाणी चालेल. आधी बंद गाडीत बसून खाऊ, मग नुसतं इंजिन चालू, मग गल्लीच्या टोकापर्यंत. पहिल्याच दिवशी लांबचा प्रवास असेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्या, स्वतःच्या मनाने माणसाची देऊ नका.

टवाळटप्पू
धागा पन्नाशीकडे चाललाय आणि फोटो अजून नाही. ओलीताई, हा अन्याय आहे.

ओली_माती
टाकते हो, जागेवर थांबला की. आत्तापर्यंतच्या सगळ्या फोटोंत फक्त शेपूट आलंय.

शेपूट
बोलावलंत?